जुना कॉम्प्युटर, रोजचं एडिटिंग: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात सेकंडहँड कॉम्प्युटरबद्दलचेच प्रश्न जास्त आहेत. व्हिडिओ, फोटो, डीटीपी, ध्वनिमुद्रण अशी सगळीच कामं त्यांत आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: लग्न आणि वास्तुशांतीचं शूटिंग करतो. माझे दोन कॅमेरे फुल एचडी आहेत, पण हल्ली घरची मंडळी फोनवरचं फोर-के फुटेजही आणून देतात. बजेट ३०,००० रुपये, मॉनिटर आहे. दुकानदार चौथ्या जनरेशनचा आय७, १६ जीबी रॅमसह देतो आहे. घेऊ का? (सांगली)

घेऊ नका. चौथ्या जनरेशनचा आय७ साधारण २०१३ सालचा आहे. तुमच्या कॅमेऱ्यांचं एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची जुनी पद्धत) फुटेज तो ओढेल. फोनचं फोर-के मात्र बहुतेक वेळा एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ असतं, आणि तिथे तो गुडघे टेकतो. हे फुटेज उलगडायला प्रोसेसरच्या आत त्यासाठीच बनवलेलं सर्किट लागतं. इंटेलमध्ये ८-बिट एचईव्हीसीसाठी ते सहाव्या जनरेशनपासून आलं, १०-बिटसाठी सातव्यापासून. आयफोन १२ आणि त्यापुढचे फोन एचडीआर (उजेड-सावलीच्या जास्त छटा टिपणारी सोय) चालू असताना १०-बिट एचईव्हीसीच लिहितात. सर्किट नसलं की सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या भागांवर येतो, टाइमलाइनवर चित्र अडखळतं आणि सनईच्या ठेक्यावर कट मारणं अशक्य होऊन बसतं. १६ जीबी रॅमने यात काडीचा फरक पडत नाही.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून आणि बहुतेक रायझन २००० मालिकेपासून पुढेच बसते, तेही टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल तर. म्हणून 'आय७' या पाटीकडे न बघता तिच्या पुढचा आकडा वाचा. आय७-४७७० म्हणजे चौथी जनरेशन, चार कोअर. आय५-८५०० म्हणजे आठवी जनरेशन, सहा कोअर. पाटीवर धाकटा दिसणारा हा आय५ तुमच्या कामात त्या आय७ च्या खूप पुढे आहे.

ऑफिसांतून लीज संपून परत आलेले डेस्कटॉप बघा: डेलचे ऑप्टिप्लेक्स ५०६० किंवा ७०६०, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी४, लेनोव्होचा थिंकसेंटर एम७२०. आय५-८५०० पुरतो, थोड्या फरकात आय७-८७०० मिळाला तर घ्या, त्यात कोअर सहाच असले तरी थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामं, बारा आहेत. एकाच मॉडेलचे दोन आकार येतात, आडवा छोटा डबा आणि उभा टॉवर. जमलं तर टॉवरच घ्या. छोट्या डब्यात अर्ध्या उंचीचंच ग्राफिक्स कार्ड बसतं आणि डब्याचा पॉवर सप्लाय २०० वॅटच्या आसपास असतो. त्याचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असल्यामुळे बाजारातला साधा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) तिथे बसत नाही.

दा विंची रिझॉल्व्ह हा एडिटिंग प्रोग्राम वापरणार असाल तर आतल्या ग्राफिक्सवर भागणार नाही, ४ जीबीचं वेगळं कार्ड लागेल. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, तेवढ्यात चालणारी कार्डं अशी: अर्ध्या उंचीचं जीटीएक्स १६५०, ४० वॅटचं टी६००, ५० वॅटचं टी१०००. टी मालिकेच्या कार्डांना मिनी डिस्प्लेपोर्टच असतात, त्यामुळे एचडीएमआयचा ॲडाप्टर सोबत मागून घ्या. छोट्या डब्यासाठी लागणारी आखूड धातूची पट्टी (ब्रॅकेट) कार्डाबरोबर आहे का, तेही बघा. सेकंडहँड कार्डांत ती बऱ्याचदा हरवलेली असते आणि सुटी शोधताना जीव जातो. जीटीएक्स १०५० टीआय स्वस्त दिसेल, पण त्या पिढीसाठी एनव्हिडियाने नवे ड्रायव्हर थांबवले आहेत, आता फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या येतात.

कार्ड बसवल्यावर एक गोष्ट आठवणीने करा. वेगळं कार्ड दिसलं की पुष्कळ मशीन आतलं इंटेल ग्राफिक्स आपोआप बंद करतात, आणि प्रीमियरसारखे प्रोग्राम फुटेज उलगडायला तेही वापरतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन ते परत चालू करा.

रॅम १६ जीबी, पण ८ आणि ८ च्या दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीने मेमरीचा निम्मा रस्ता बंद राहतो. साठवणुकीचा हिशेब असा: ५० मेगाबिटने चित्रण करणारा फुल एचडी कॅमेरा तासाला साडेबावीस जीबी भरतो. दोन कॅमेऱ्यांचे चार-चार तास म्हणजे १८० जीबी. विंडोज आणि प्रोग्रामसह ५१२ जीबीच्या एसएसडीवर एका वेळी एकच लग्न सुखाने मावतं. काम चालू असलेलं लग्न एसएसडीवर, झालेलं साध्या ४ टीबी हार्डडिस्कवर. एसएसडी जुन्या साटा जोडणीची असली तरी सेकंदाला ५०० एमबीच्या वर देते, ती पुरे. ३०,००० पैकी सगळे डब्यात घालू नका; एसएसडी, दुसरी रॅमची पट्टी आणि यूपीएससाठी किमान सहा हजार बाजूला ठेवा.

फोनच्या फुटेजमध्ये फ्रेम रेट सतत बदलत असतो, म्हणून लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून आधी बदलून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका.

प्रश्न: दुकानात मशीन चालू करून दाखवतात, सगळं छानच दिसतं. नेमकं काय तपासायचं आणि किती वेळ द्यायचा? (पुणे)

पाऊण तास. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गल्लीतलं दुकान, पाऊण तास बसू देत नसतील तर तिथून निघा. सोबत पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फो, एचडब्ल्यूइन्फो आणि सिनेबेंच आर२३ न्या. त्याच पेनड्राइव्हवर स्वतःच्या कॅमेऱ्याची किंवा फोनची दोन मिनिटांची सगळ्यात जड क्लिप ठेवा.

पोहोचल्यावर आधी डब्याला हात लावा. तो गार हवा. काही बिघाड गार मशीन सुरू होतानाच दिसतात, आणि आधीच तापवून ठेवलेल्या मशीनमध्ये ते लपतात. मग बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर तो तुमच्यासमोर काढून द्यायला सांगा. व्यावसायिक लॅपटॉपमध्ये नंतर तो काढणं फार अवघड असतं. तिथेच 'कॉम्प्युट्रेस' किंवा 'ॲब्सोल्यूट' चालू दिसलं तर यंत्र अजून जुन्या मालकाच्या नोंदीत आहे. घेऊ नका.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन उघडा. 'डिजिटल लायसन्स' दिसलं तर ठीक. 'ऑर्गनायझेशन'च्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसचा उल्लेख असेल तर दुकानदाराने तात्पुरतं जुगाड केलं आहे. आधीच टाकून दिलेलं क्रॅक फोटोशॉप वा प्रीमियर ही सोय समजू नका. पायरेटेड प्रोग्रामबरोबर काय काय आत आलं असेल ते सांगता येत नाही, म्हणून घरी नेल्यावर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाका.

सीपीयू-झेडमध्ये प्रोसेसरचं खरं नाव आणि रॅमच्या पट्ट्या किती ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्डडिस्कच्या ०५ आणि सी५ या दोन ओळींतला 'रॉ व्हॅल्यू'चा आकडा शून्य हवा. तिथे दुसरा आकडा असेल तर डिस्क मरायला लागली आहे. मशीन चांगलं असेल तर डिस्कचे पैसे कापून घ्या. एसएसडीच्या आयुष्याची टक्केवारीही तिथेच दिसते.

आता सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी लावा, तापमान आणि वेग बघायला शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. आय५-८५०० वर सगळे कोअर ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. छोट्या डब्यात थोडं खाली येणं साहजिक आहे. पण तापमान १०० अंशांजवळ जाऊन वेग ३ च्या खाली घसरला तर थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा पंखा थकला आहे. पेस्ट बदलणं किरकोळ काम आहे, दुकानदाराकडून तिथेच करून घ्या आणि चाचणी परत लावा. ती चालू असताना प्रत्येक यूएसबी, हेडफोन आणि नेटवर्क पोर्टमध्ये काहीतरी लावून बघा.

शेवटी तुमची क्लिप. ती एडिटिंग प्रोग्रामच्या टाइमलाइनवर चालवा, नुसत्या प्लेअरमध्ये नको. प्लेअरमध्ये सुरळीत दिसणारी क्लिप टाइमलाइनवर अडकू शकते. बाकीचे आकडे एका पारड्यात आणि ही चाचणी दुसऱ्यात.

लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' या दोन आकड्यांवरून बॅटरी किती उरली ते कळतं. ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करा.

बिलावर सिरियल नंबर आणि किमान सात दिवसांची बदलून देण्याची हमी लिहून घ्या. रॅमची खरी परीक्षा, मेमटेस्ट८६, घरी रात्रभरच चालवता येते, त्यासाठी हे दिवस लागतात.

प्रश्न: फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम आहे. फोटोशॉप, कोरलड्रॉ आणि जुनी श्रीलिपी. ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं घ्यावं? (लातूर)

कार्डाचे पैसे वाचवा आणि रॅममध्ये घाला. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर केला तर १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतात, म्हणजे जवळजवळ १५ कोटी. सीएमवायकेमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण भरलेला एकच लेअर सुमारे ६०० एमबीचा होतो. नेत्यांचे फोटो, पार्श्वभूमी, सावल्या मिळून आठ-दहा लेअर सहज होतात. रॅम संपली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं, आणि ती डिस्क फिरणारी असेल तर ब्रशचा प्रत्येक फटका उशिरा उमटतो. १६ जीबी रॅम ही सुरुवात धरा, ३२ ची सोय ठेवा, आणि स्क्रॅच डिस्क म्हणून एसएसडी नेमा. आठव्या जनरेशनचं आतलं ग्राफिक्स तुम्हाला पुरेल.

तुमचा खरा अडथळा श्रीलिपीचा डोंगल, म्हणजे प्रोग्राम चालायला मशीनला लावावी लागणारी परवान्याची खुंटी आहे. तो यूएसबीचा असेल तर मशीन घेण्याआधी त्यावर लावून, श्रीलिपी टाकून, एक ओळ टाइप करून बघा. जुना प्रिंटर पोर्टचा डोंगल असेल तर नव्या मशीनला तो पोर्टच नसतो, आणि यूएसबीचे कन्व्हर्टर सहसा डोंगलला चालत नाहीत. अशा वेळी जुनं मशीन जुन्या फायली उघडण्यापुरतं, इंटरनेटशिवाय, कोपऱ्यात जिवंत ठेवा आणि नवं काम युनिकोडमध्ये सुरू करा. फोटोशॉपमध्ये युनिकोडच्या वेलांट्या, रफार तुटत असतील तर प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप' विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. काही जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' आहे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' लावा.

मॉनिटर आयपीएस घ्या. जुन्या टीएन पडद्यावर मान जरा हलली की भगवा कधी केशरी तर कधी पिवळट दिसतो, आणि गिऱ्हाईक छापून आलेल्या रंगावरून भांडतं. डेलचा २४ इंची अल्ट्राशार्प यू२४१२एम १९२० बाय १२०० चा आहे आणि या कामाला चांगला. घेताना पूर्ण पडदा लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा करून मेलेले ठिपके शोधा.

प्रश्न: मॅकबुक एअर एम१, ८ जीबी आणि २५६ जीबी, चांगल्या भावात मिळतोय. इंटेलचा मॅकबुक प्रो त्याहून स्वस्त आहे. रील आणि छोट्या माहितीपटांचं काम. कोणता? (कोल्हापूर)

एम१. इंटेलच्या मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती, आणि तीही मोजक्याच इंटेल मॉडेलांवर चालते. शिवाय २०१६ ते २०१९ मधल्या पुष्कळ मॅकबुकांचा बटरफ्लाय कीबोर्ड कुख्यात आहे. धुळीच्या कणाने अक्षर अडकतं किंवा दोनदा उमटतं, आणि ॲपलची मोफत दुरुस्ती पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपुरतीच होती.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला एम१ एचईव्हीसी फोर-के सहज चालवतो. त्याच्या मर्यादा मात्र समजून घ्या. रॅम आणि एसएसडी बोर्डावर पक्की आहे, नंतर वाढत नाही. ८ जीबीत रील निघतात; माहितीपटात शीर्षकांचे इफेक्ट, रंगसंस्करण आणि शेजारी ब्राउझर उघडा असला की रॅम भरते आणि मॅक सारखा एसएसडीवर लिहीत राहतो. तुमच्या माहितीपटांसाठी १६ जीबीचा मिळेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. एअरला पंखा नाही, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांच्या एक्स्पोर्टनंतर वेग थोडा उतरतो. बाहेरचा मॉनिटर एकच लागतो. फुटेज बाहेरच्या यूएसबी-सी एसएसडीवर ठेवा.

पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करायला लावा आणि तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर पहिल्यापासून सेटअप करा. जुन्या मालकाचा ॲपल आयडी मागितला तर ॲक्टिव्हेशन लॉक आहे. 'रिमोट मॅनेजमेंट' असा पडदा आला तर यंत्र अजून कुठल्यातरी कंपनीच्या ताब्यात आहे. काही जण नेट न जोडता सेटअप करून हा पडदा चुकवतात आणि विकतात. पुढे कधी पुसावं लागलं की तो परत येतो. म्हणून नेट जोडूनच करा. बॅटरीचे सायकल सिस्टिम रिपोर्टमध्ये दिसतात, ॲपलची मर्यादा १००० आहे.

प्रश्न: आरएक्स ५८०, ८ जीबी, फार स्वस्त. माझ्या ऑप्टिप्लेक्समध्ये लावू? (ठाणे)

नाही. हे कार्ड १८५ वॅट मागतं आणि वेगळी आठ पिनांची वायर लागते, ती तुमच्या डब्यात नाही. शिवाय या नावाखाली दोन वस्तू विकल्या जातात. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राची आकडेमोड करणारे छोटे भाग) असतात, '२०४८एसपी' नावाचं कार्ड प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचं आहे. जीपीयू-झेडमध्ये शेडरचा आकडा दिसतो, आणि एनव्हिडियाच्या जुन्या कार्डावर नवं नाव चढवलेलं असेल तर नावाआधी 'फेक' असंही दिसतं. क्रिप्टो मायनिंगमधून आलेली कार्डं पंख्यांच्या खडखडाटावरून आणि मेमरीभोवतीच्या तेलकट डागांवरून ओळखता येतात.

प्रश्न: कीर्तन आणि भजनं लाइव्ह रेकॉर्ड करतो, आठ माइक. थिंकपॅड टी४८० पुरेल का? आवाजात टिकटिक येते ती कशाने? (आळंदी)

छान पुरेल. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी घेतो. आठ ट्रॅक, तीन तासांचं कीर्तन, म्हणजे साडेबारा जीबी. डिस्कला हे काहीच नाही. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, ८ आणि ८ लावा. त्याच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमधल्या जुन्या दोषाने यूएसबी-सी पोर्ट बंद पडू शकतो. लेनोव्होने त्यासाठी अपडेट दिलं आहे, ते पहिल्याच दिवशी टाका.

टिकटिक येते ती बहुतेक वेळा प्रोसेसर कमी पडला म्हणून नसते. एखादा ड्रायव्हर मधेच वेळ खातो आणि ध्वनीचा बफर (आवाज क्षणभर साठवण्याची जागा) रिकामा पडतो. लेटन्सीमॉन हा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा, गुन्हेगार ड्रायव्हरचं नाव समोर येईल. वाय-फायचा असण्याची शक्यता मोठी, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा, चार्जर लावलेला असू द्या, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर.

बफर लहान ठेवण्याचा हट्टही सोडा. १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७. बुवा आणि टाळकरी कॉम्प्युटरमधून स्वतःचा आवाज ऐकत नाहीत, तुम्ही इंटरफेसवरूनच (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावरूनच) थेट ऐकता. मग ५१२ किंवा १०२४ ठेवायला काय हरकत? अभंगाच्या मधोमध टिक आली तर ती पुन्हा गाऊन घेता येत नाही. फायरवायरचा इंटरफेस फुकट मिळाला तरी नको, नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही.

प्रश्न: झिऑनचं वर्कस्टेशन, एचपी झेड४२०, ३२ जीबी रॅम, स्वस्तात. (नाशिक)

थ्रीडी रेंडरिंग असेल तर विचार करा, व्हिडिओसाठी नको. २०१२ च्या त्या झिऑन प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्सच नाही, म्हणून फुटेज उलगडणारं सर्किटही नाही, आणि विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. विजेचंही बघा. आठव्या जनरेशनच्या डेस्कटॉपपेक्षा १०० वॅट जास्त खाल्ले तर रोज ८ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरून जवळजवळ २१ युनिट जादा होतात.

प्रश्न: न्यू जर्सीहून भावासाठी वापरलेलं यंत्र आणायचं आहे. त्याला फोटो एडिटिंग करायचं आहे. काय आणू? (एडिसन)

लॅपटॉप आणा. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, आयमॅक किंवा डेस्कटॉपला ती सवलत नाही. चार्जरवर '१००–२४०' व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे फक्त पिनेचा ॲडाप्टर किंवा भारतातली वायर लागेल. तरीही डेस्कटॉपच आणायचा ठरला तर पॉवर सप्लायच्या मागची पट्टी वाचा. काही जुन्या सप्लायना ११५ आणि २३० मधला लाल खटका असतो. तो ११५ वर असताना इथल्या प्लगमध्ये लावला की सप्लाय जळतो. विमानात बसण्याआधीच तो २३० वर सरकवून वर चिकटपट्टी लावा.